सूर्य पश्चिमेला उगवतो तेव्हा

"आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय?" कधी नव्हे तो गृहपाठ करून आलेल्या मुलाला हे वाक्य ऐकवले नाही असे मास्तर किंवा बाई महाराष्ट्रात सापडणे कठीण. पस्तीस वर्षांच्या नोकरीत मीही ते असंख्य वेळा म्हटले असेल. अशक्य गोष्ट सांगायची तर आपल्याकडे जी दोन-चार हुकमी उदाहरणे आहेत, त्यातले हे पहिले.

तर मंडळी, जयंत नारळीकरांनी सूर्य पश्चिमेला उगवताना प्रत्यक्ष पाहिला होता! १९६३ साली ते इंग्लंडहून विमानाने अमेरिकेला निघाले होते. सूर्यास्त झाला, आणि थोड्या वेळाने तोच सूर्य पश्चिम क्षितिजावरून पुन्हा वर येऊ लागला. हा किस्सा त्यांनी लिहूनही ठेवला आहे आणि त्यामागचे कारणही सांगितले आहे. मला तो अतिशय आवडतो, कारण त्याला दुर्बीण लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही, फळा आणि खडू पुरतो.

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विषुववृत्तावरचा माणूस तिच्याबरोबर ताशी सुमारे १६७० किलोमीटर वेगाने जात असतो. उत्तरेला सरकावे तसे फेऱ्याचे वर्तुळ लहान होत जाते, पण वेळ तेवढाच, चोवीस तास. म्हणून वेग कमी होतो. साठ अंश अक्षांशावर तो निम्मा होतो, म्हणजे ताशी ८३५ किलोमीटर. जेट विमान ताशी नऊशेच्या आसपास जाते. म्हणजे त्या भागात पश्चिमेकडे उडणारे विमान पृथ्वीच्या फिरण्याला मागे टाकते, आणि विमानातल्या माणसाला सूर्य उलटा चालताना दिसतो. आता आपल्या दिघाशीला हा वेग किती? आपण साडेएकोणीस अंशाच्या जवळपास, म्हणजे ताशी सुमारे १५७५ किलोमीटर. मुंबईहून पश्चिमेला निघालेल्या प्रवासी विमानाला हे जमायचे नाही. हे गणित वर्गात मांडले की मागच्या बाकावरची मुलेसुद्धा सरसावून बसत. आपण भाताच्या खाचरात उभे असताना इतक्या वेगाने जातो आहोत, हे ऐकून एकाने जमिनीला हात टेकवून पाहिला होता.

२० मे २०२५ रोजी नारळीकर पुण्यात गेले. टीव्हीवर बातमी चालू असताना घरातल्या एका नातवाने विचारले, "आजी, यांनी शोध कसला लावला?" प्रश्न सरळ होता. हॉइल-नारळीकर सिद्धान्त असे उत्तर मी दिले, पण त्याने त्याचे समाधान झाले नाही आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. तो सिद्धान्त १९६४ सालचा. गुरुत्वाकर्षणाविषयीचा. त्यामुळे ते जगभर गाजले आणि १९६५ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यांना पद्मभूषण मिळाले. पण दिघाशीसारख्या गावातल्या बी. ए. झालेल्या बाईला त्यांच्याबद्दल जे वाटते ते त्या सिद्धान्तामुळे नाही. ते कशामुळे, हेच आज लिहायला बसले आहे.

आधी थोडे मागे जाऊ. इतिहासाची शिक्षिका आहे, सवय जात नाही.

मराठीतून विज्ञान सांगण्याची खटपट नारळीकरांपासून सुरू झाली असे कोणी समजू नये. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० साली 'दिग्दर्शन' मासिक काढले, त्यात भूगोल-इतिहासाबरोबर शास्त्रीय विषयही होते. पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात बाळाजी प्रभाकर मोडक झाले. पदार्थविज्ञान, रसायन अशा विषयांवर एकोणिसाव्या शतकात मराठीत पुस्तके लिहिणारा हा माणूस आज कोणाच्या लक्षात नाही, याची मला खंत वाटते. १९२८ साली पुण्यात 'सृष्टिज्ञान' मासिक निघाले. १९६६ साली मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. म्हणजे वाट होती, पण मळलेली नव्हती. लिहिणारे बहुतेक शिक्षक, प्राध्यापक, हौशी मंडळी. जगाच्या दरबारात ज्याचे नाव घेतले जाते असा शास्त्रज्ञ स्वतः मराठीत लिहितो आहे, तेही दिवाळी अंकात, ही गोष्ट नवी होती.

आणि गंमत अशी की हा माणूस मराठी शाळेत शिकलेलाच नव्हता! जन्म कोल्हापूरचा, १९ जुलै १९३८. पण वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, म्हणून बालपण सगळे बनारसला. शाळा हिंदी माध्यमाची. पुढचे शिक्षण केंब्रिजला. मराठी ही त्यांची फक्त घरची भाषा. आई सुमतीबाई संस्कृतच्या विदुषी. अशा मुलाने पुढे इंग्रजीतच लिहिले असते तरी कोणी नाव ठेवले नसते. १९७२ साली ते केंब्रिज सोडून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि दोन वर्षांत मराठीत गोष्ट लिहिती झाले.

बनारसच्या घरातली एक हकीकत फार बोलकी आहे. घरात भिंतीवर मुलांसाठी फळा होता. मोरूमामा, म्हणजे मोरेश्वर हुजूरबाजार, तिथे शिकायला राहिले होते. ते त्या फळ्यावर भाच्यासाठी गणिताचे एखादे कोडे लिहून ठेवत. वर लिहीत की हे जयंताला आव्हान आहे. ते सुटेपर्यंत किंवा भाच्याने हार मानेपर्यंत फळा पुसायचा नाही. येता-जाता, जेवताना, झोपताना प्रश्न समोर. मी शिक्षिका म्हणून याचा फार विचार केला आहे. आमच्या शाळांत फळा पुसण्याची केवढी घाई! पस्तीस मिनिटांचा तास, घंटा झाली की प्रश्न गेला, उत्तर गेले, पुढचा विषय आला. न सुटलेला प्रश्न तीन-चार दिवस भिंतीवर राहू देणे ही चैन कोणाला परवडते?

१९७४ ची कथा बहुतेकांना ठाऊक असेल, तरी थोडक्यात सांगते. अहमदाबादच्या एका परिसंवादात कंटाळवाणे भाषण चालू असताना नारळीकरांनी हातातल्या कागदांवर गोष्ट लिहायला सुरुवात केली. नाव 'कृष्णविवर'. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला ती पाठवायची ठरली. स्वतःचे नाव दिले तर परीक्षक दबतील, म्हणून टोपणनाव घेतले नारायण विनायक जगताप. आद्याक्षरे पाहा, ना. वि. ज., म्हणजे ज. वि. ना. उलटे! अक्षर ओळखीचे निघू नये म्हणून मंगलाताईंनी ती आपल्या हाताने लिहून काढली. पहिले बक्षीस मिळाले. पुढे 'यक्षांची देणगी' हा संग्रह आला, मग 'प्रेषित', 'व्हायरस', 'वामन परत न आला'.

त्यांच्या कथांबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. माणसे त्यात फारशी ठसत नाहीत, सगळी एकाच भाषेत बोलतात, आणि बायका तर चहा आणून देण्यापुरत्याच येतात असे मला पुष्कळदा वाटले. कल्पना मात्र अस्सल. मला विचाराल तर ते खरे फुलतात लेखांत आणि 'आकाशाशी जडले नाते'सारख्या पुस्तकात. साधी वाक्ये, उगाच शब्दांचे फुलोरे नाहीत. दीर्घिका, कृष्णविवर, तेजोमेघ हे शब्द असे सहज येतात की जणू आजीच्या तोंडूनच ऐकले होते.

मला त्यांचा उपयोग कसा झाला ते सांगते. मी १९७३ मध्ये नोकरीला लागले. विषय मराठी आणि इतिहास. पण खेड्यातल्या शाळेत विषय बघून तास मिळत नाहीत, रिकामी जागा बघून मिळतात. विज्ञानाचे शिक्षक बदलून गेले की त्यांचे तास माझ्याकडे. एक-दोन महिने म्हणता म्हणता कधी वर्षही निघायचे. पाठ्यपुस्तकातली भाषा अशी की व्याख्या पाठ होई, अर्थ काही लागत नसे. शाळेच्या कपाटातली विज्ञानाची मराठी पुस्तके, परिषदेची पत्रिका आणि नारळीकरांचे लेख हीच माझी शिदोरी.

त्यांची पोस्टकार्डाची रीत मी अशीच कुठेतरी वाचली. व्याख्यान संपले की मुले सही घ्यायला गर्दी करत. नारळीकर वहीत सही करायचे नाहीत. सांगायचे, मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर लिहीन आणि खाली सही करीन. किती साधी युक्ती! सही मोठ्या माणसाची असते, प्रश्न मात्र मुलाचा स्वतःचा. आणि तो विचारायचा तर आधी त्याला डोके खाजवावे लागते. आपल्या शाळांत प्रश्न ही शिक्षकाची मालमत्ता. मुलाने फक्त उत्तर द्यायचे. इथे सगळे उलटे. मोरूमामांनी भिंतीवर लिहिलेले आव्हान भाच्याने मोठेपणी महाराष्ट्रभरच्या मुलांच्या हाती दिले, असे मला वाटते.

मग मी आमच्या वर्गात तेच सुरू केले. पोस्टकार्ड तेव्हा १५ पैशांचे, पण तेवढेही सगळ्यांना जमणारे नव्हते, म्हणून पाठकोऱ्या कागदाचे तुकडे. शनिवारी प्रत्येकाने एक प्रश्न लिहून द्यायचा, अट एकच, तो पुस्तकाच्या शेवटी छापलेला नसावा. पहिल्या शनिवारी निम्म्या मुलांनी कोरे कागद दिले. प्रश्न म्हणजे काय तेच त्यांना कळेना. पण महिन्याभरात ओघ सुरू झाला. वज्रेश्वरीच्या कुंडातले पाणी कोण तापवते? (देवीने मारलेल्या राक्षसांचे रक्त म्हणून ते गरम, ही गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक.) तानसाचे पाणी एवढ्या मोठ्या नळातून मुंबईला जाते, त्याला ढकलते कोण? भिवंडीला मागावर सूत तुटते ते पावसाळ्यात कमी आणि उन्हाळ्यात जास्त का? माठ पाझरतो तरच पाणी गार का होते?

ही विज्ञानाची पुस्तके आमच्या दारातच पडली होती! पावसाचे पाणी खडकाच्या भेगांतून खोल जाते, खाली जसजसे जावे तशी जमीन तापत जाते, आणि ते तापलेले पाणी वाट सापडेल तिथे वर येते. तानसाचे धरण १८९२ मध्ये पुरे झाले, ते मुंबईपेक्षा उंचावर आहे, म्हणून पाणी उतारानेच जाते, त्याला पंपाने ढकलावे लागत नाही. ज्या नळावरून मुले शाळेत चालत येत त्याच्या आत गुरुत्वाकर्षण काम करत होते. न्यूटनच्या सफरचंदापेक्षा आम्हाला हा नळ जवळचा. सुताला हवेतला ओलावा लागतो, कोरड्या हवेत ते ठिसूळ होते, हे मला मागावर काम करणाऱ्या एका पालकाने समजावले, कुठल्या पुस्तकाने नव्हे.

१९९५ साल तर अशा प्रश्नांचा पाऊसच घेऊन आले. २१ सप्टेंबरला गणपती दूध प्यायला लागले. दुपारपर्यंत ही बातमी देशभर, संध्याकाळी गावोगावच्या देवळांत रांगा. दुसऱ्या दिवशी वर्गात दुसरा विषयच नाही. मी कोणाच्या श्रद्धेबद्दल चकार शब्द काढला नाही. टेबलावरचा दगडी पेपरवेट घेतला, चमचाभर दुधात कुंकू कालवले आणि एका मुलीला म्हटले, पाज याला. चमच्याची कड दगडाला टेकली, दूध कमी होऊ लागले, आणि लाल ओघळ दगडावरून खाली उतरताना सगळ्यांनी पाहिला. द्रवाचा पृष्ठताण, दगडाचे ओले होणे, पातळ थर होऊन खाली वाहणे. पांढऱ्या मूर्तीवर पांढरे दूध दिसत नाही, एवढेच. एका मुलाने विचारले, "बाई, मग काल पेपरवेट का नाही प्यायला?" त्यावर दुसऱ्याने उत्तर दिले, "काल त्याला कोणी पाजलंच नाही." यापेक्षा चांगले उत्तर मलाही सुचले नसते.

त्यानंतर महिन्याभराने, २४ ऑक्टोबरला, सूर्यग्रहण. १६ फेब्रुवारी १९८० चे ग्रहण मला चांगले आठवते. तेव्हा दारे-खिडक्या बंद, रस्ते ओस, जणू संचारबंदी. पंधरा वर्षांनी मात्र ट्रेनभरून लोक खग्रास पट्ट्यात ग्रहण बघायला गेले, आणि आमच्याकडे मुले फिल्टरचे चष्मे लावून अंगणात उभी. हा फरक एका माणसाने घडवला असे मी म्हणणार नाही. परिषदेचे कार्यकर्ते, वांगणीची खगोल मंडळाची तरुण मुले, अंधश्रद्धा निर्मूलनवाले, वर्तमानपत्रे, सगळ्यांचा त्यात हात. पण मराठी घरात आकाश हा बोलण्याचा विषय झाला तो मुख्यतः नारळीकरांमुळे, हे मी ठामपणे म्हणेन.

आता जी गोष्ट सांगते ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

१९८६ च्या सुमाराला सातवीत एक मुलगा होता. जवळच्याच पाड्यावरचा. तोंडी हिशेबात तरबेज, शनिवारच्या कागदावर दोन-दोन प्रश्न लिहिणारा. दिवाळीनंतर तो यायचा बंद झाला. मी घरी गेले. वडिलांनी अदबीने बसवले, चहा दिला. म्हणाले, "बाई, पत्रिका दाखवली. पोराच्या नशिबात विद्या नाही, उगाच पैसा घालू नका, म्हणाले. नाही त्याला आपण काय करणार?" तो भिवंडीला कारखान्यात कांड्या भरायला लागला होता. मी पुष्कळ बोलले. प्रगतिपुस्तक दाखवले. पण कागदाविरुद्ध कागद अशी ती झटापट होती, आणि त्यांच्या कागदावर ग्रह होते.

पत्रिका खोटी असे मी म्हणत होते, खरी असे ते म्हणत होते. दोन्हीकडे नुसते म्हणणेच. तपासून कोणी पाहिले होते?

२००८ साली, मी निवृत्त झाले त्याच वर्षी, नारळीकरांनी नेमके हेच तपासले. बरोबर पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्राचे सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे. घाटपांडे स्वतः ज्योतिष जाणणारे. चाचणी अशी: २०० मुलांच्या पत्रिका घेतल्या. त्यातली १०० मुले शिक्षकांनी निवडलेली हुशार, १०० मतिमंद मुलांच्या शाळांतली. ज्योतिषांना जाहीर आवाहन केले की पत्रिकेवरून मूल हुशार की मतिमंद एवढेच सांगा. प्रत्येकाला त्यातून ४० पत्रिका. ५१ ज्योतिषांनी पत्रिका मागवल्या, २७ जणांनी उत्तरे पाठवली. ४० पैकी २८ बरोबर आली तर यशस्वी, असे आधीच ठरले होते. सर्वांत चांगले उत्तर २४ चे. सगळ्यांची सरासरी ४६ टक्के. एका संस्थेने सगळ्या २०० पत्रिका पाहिल्या, तिची १०२ बरोबर. डोळे मिटून नाणे उडवले असते तरी निम्मी बरोबर आलीच असती. २००९ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात हे सगळे छापून आले.

नारळीकरांनी ज्योतिषाला शिव्या दिल्या नाहीत. विद्यापीठांत फलज्योतिषाचे अभ्यासक्रम आणायचा बेत २००१ साली झाला तेव्हा त्यांनी विरोध केला होता, तो उघड आणि स्पष्ट होता. पण चाचणीत चेष्टा नव्हती. पोस्टकार्डावर मावेल एवढा प्रश्न होता: यांतली हुशार मुले कोणती? उत्तर द्यायची संधी ज्योतिषांनाच दिली, गुण देण्याचे नियम आधी सांगितले आणि मग मोजले. मी वर्तमानपत्रातले ते कात्रण कापून ठेवले, अजून आहे. चहाच्या कपापुढे त्या बापाला दाखवायला ते मला बावीस वर्षे आधी हवे होते, एवढेच मनात आले. आणि दाभोलकरांना पुढे, २० ऑगस्ट २०१३ रोजी, पुण्यात गोळ्या घालून मारले, हेही इथे लिहिले पाहिजे. प्रश्न विचारणे एवढे स्वस्त नसते.

स्वतःच्या शास्त्रातही हा माणूस गर्दीबरोबर गेला नाही. विश्व एका महास्फोटातून जन्मले हे बहुतेकांनी मान्य केल्यावरही नारळीकर गुरू फ्रेड हॉइल यांच्याबरोबर वेगळे मत मांडत राहिले. पुरावे बहुसंख्यांच्या बाजूने गेले असे जाणकार म्हणतात. त्या वादात माझ्यासारखीने पडू नये. पण आपले मत अल्पमतात आहे हे ते वाचकाला सांगून टाकत, याचे मला अप्रूप वाटते.

१९८८ साली पुण्यात त्यांनी आयुका उभी केली आणि २००३ पर्यंत चालवली. शास्त्रज्ञांची संस्था, पण शाळेच्या मुलांना शनिवारी दार उघडे. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून तिथे मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका झाली. इमारतीचे नाव 'पुलस्त्य'. सप्तर्षींतला तारा आणि त्यात दडलेले पु. ल.! तिथे अरविंद गुप्ता काडेपेट्या, स्ट्रॉ, जुन्या चपला यांतून खेळणी करून विज्ञान शिकवत. नारळीकरांचे लेखन आकाशातले, गुप्तांचे काम कचऱ्याच्या टोपलीतले, आणि दोन्ही एका छपराखाली. हे त्या संस्थेचे मोठेपण.

मंगलाताईंबद्दल वेगळा लेख लिहायला हवा. स्वतः गणितज्ञ. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'ऐवजी 'वीस एक' वाचायला सांगितले म्हणून केवढा गदारोळ झाला, त्या समितीच्या त्या अध्यक्ष होत्या. विनोद करणाऱ्यांनी पहिलीच्या वर्गात एक आठवडा शिकवून पाहावे. ऐकताना आधी 'एक' येतो म्हणून सत्तावीसचे बहात्तर लिहिणारी मुले मी किती पाहिली आहेत! असो. त्या जुलै २०२३ मध्ये गेल्या.

डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकच्या ९४ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांना मिळाले. प्रकृतीमुळे ते प्रत्यक्ष येऊ शकले नाहीत, त्यावरूनही थोडी कुरबूर झालीच. त्याआधी २०१४ मध्ये 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्राला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला होता. नातवाला मी आता तेच वाचायला दिले आहे. तो इंग्रजी शाळेत जातो, मराठी अडखळत वाचतो. पण मोरूमामांच्या फळ्यापर्यंत पोचला आहे आणि आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे खडूने काहीबाही लिहू लागला आहे.

सोमवार, २ ऑगस्ट २०२७. त्या दिवशी दुपारनंतर सूर्यग्रहण आहे. खग्रास इजिप्तकडे, आपल्याकडे खंडग्रास. शाळेचा दिवस आहे आणि पावसाळा आहे, त्यामुळे ढग असणारच. तरी इथल्या शाळेतल्या एका तरुण बाईंना मी आतापासूनच सांगून ठेवले आहे, त्या दिवशी मुलांना लवकर घरी सोडू नका, चष्मे वेळेवर मागवा.